कंपोस्टचा डबा वास मारतोय? या चुका टाळा

बाल्कनीत डबा ठेवून पंधरा दिवस झाले नसतील, शेजारच्या काकूंनी बेल वाजवली, "अगं, तुमच्याकडे उंदीर मेलाय का गं कुठे?" झाकण उघडलं तर तळाला काळं पाणी आणि वर चिलटांचा ढग. मी नुसतंच ओलं टाकत होते ना! भाजीची देठं, कलिंगडाची सालं, चहाचा चोथा, सगळं एकावर एक.

बहुतेकांचा डबा इथेच बिघडतो. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन लागतो, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी दोन्ही जास्त, त्यामुळे कार्बनसाठी वाळलेला पाला, लाकडाचा भुसा नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावंच लागतं. मोजत बसू नका, एक वाटी ओलं टाकलं की वर एक वाटी सुकं, ओलं दिसता कामा नये. पाला मात्र फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीतच दोन पोती भरून ठेवा, पावसाळ्यात कोरडं पान शोधून मिळत नाही, मी जुलैत सोसायटीभर फिरलेय त्यासाठी.

आता वासावरून ओळखायचं. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही, दोन-तीन दिवसांनी काठीने खालपासून हलवा. नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर सुकं कमी पडतंय. मुंग्या लागल्या म्हणजे कोरडं झालंय, पाणी शिंपडा. मूठभर घेऊन दाबलं की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर ओलं जास्त आहे. आणि पांढरी बुरशी दिसली, हाताला गरम लागलं, की लोक घाबरून सगळं फेकून देतात, अहो तेच तर हवं असतं! जाडजूड मळकट अळ्यासुद्धा बहुतेक वेळा सोल्जर माशीच्या असतात, त्या कचरा फस्त करतात, चावत नाहीत. दिसायला किळसवाण्या, हे मान्य.

तेलकट रस्सा, मटणाची हाडं सुरुवातीला नकोच. आणि "कंपोस्टेबल" लिहिलेली पिशवी डब्यात टाकू नका, ती मोठ्या प्लांटमधल्या साठेक अंश उष्णतेत विरघळते, आपल्या बाल्कनीत सहा महिन्यांनीही तशीच निघते.

सुक्या कचऱ्यात एकच चूक सांगते, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकणं. तो इवलासा तुकडा कोणी वेचत नाही, गटारात जातो. अर्धवट कापा, तुकडा पिशवीलाच लटकू दे, मग धुवून वाळवून भंगारवाल्याला द्या. चिप्सची चकचकीत पाकिटं तो घेणार नाही, त्यात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात.

सॅनिटरी पॅड, डायपर ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, पुण्यात कचरावेचक मावशी तो ओळखतात आणि पुडकं उघडत नाहीत. फुटलेली काच जाड पुठ्ठ्यात बांधून "काच" लिहून द्या. सेल, सीएफएल बल्ब वेगळ्या डब्यात साठवा, सीएफएलमध्ये पारा असतो, फुटला तर आधी खिडकी उघडा आणि झाडूने पसरवू नका, पुठ्ठ्याने गोळा करा.