भातखाचरातलं आर्सेनिक: पाणी सतत तुंबवू नका

लावणी जवळ आली असेल, तर चिखलणीआधी बोअरच्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य आहे का, ते तपासून घ्या. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. पाणी उकळूनही ते जात नाही.

मातीतलं बरंचसं आर्सेनिक लोहाच्या तांबड्या कणांना चिकटून बसलेलं असतं. तसं असेपर्यंत पिकाला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. पण खाचरात पाणी तुंबलं की काही दिवसांत मातीतला प्राणवायू संपतो आणि तिथले काही जिवाणू श्वासासाठी लोहच वापरू लागतात. लोह विरघळतं, आर्सेनिक मोकळं होतं. दुसरे काही जिवाणू आर्सेनेट या त्याच्या एका रूपाचं आर्सेनाइट हे दुसरं रूप करतात. आर्सेनाइट जास्त विषारी, आणि भाताचं मूळ ज्या वाटेने सिलिकॉन ओढतं, त्याच वाटेने ते आत शिरतं.

एक चूड उपटून मुळं धुऊन पाहा. त्यांच्यावर गंजासारखा तांबूस लेप असेल तर बरं. मुळांतून पाझरणाऱ्या प्राणवायूने तो बसतो आणि थोडं आर्सेनिक अडवतो. मुळं काळी पडली असतील, कुजक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर खाचर गुदमरलंय. पाणी काढून द्या.

रोपं रुजली की भोकं पाडलेला पाइप खाचरात रोवा. आतलं पाणी जमिनीखाली १५ सेंमीपर्यंत उतरलं की मगच पुन्हा पाणी सोडा. हवा खेळली की दुसरे जिवाणू आर्सेनाइटचं पुन्हा आर्सेनेट करतात आणि गंजलेलं लोह त्याला धरून ठेवतं. फुलोऱ्याच्या आगेमागे आठवडाभर मात्र ५ सेंमी पाणी हवंच, तेव्हा ताण दिलात तर दाणे पोचट राहतील. जमीन आम्ल असेल तर जपून: ती कोरडी पडली की कॅडमियम हा दुसरा विषारी धातू दाण्यात जास्त उतरतो.

लोंबी वाकत नाही, पळंज होऊन ताठ उभी राहते, असं तुमच्याकडे झालंय का? पाण्याखालचे काही जिवाणू आर्सेनिकला मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा तुकडा) जोडतात. ते रूप भाताला वांझ करू शकतं. अशा खाचरात पोटरी धरण्याआधी एकदा पाणी पूर्ण काढून जमीन वाळू द्या.

ताजा पेंढा चिखलात गाडू नका, या जिवाणूंना तो आयतं खाद्य ठरतो. आर्सेनाइटच्या वाटेत सिलिकॉनची गर्दी व्हावी म्हणून तुसाची राख घाला, पण ज्या खाचरात आर्सेनिक नाही तिथल्याच भाताची.