वॉरंट निघालंय का? ठाणे-बेलापूरकरांसाठी

चेक बाउन्सच्या केसमध्ये एखादी तारीख चुकली की पकड वॉरंट निघू शकतं. ते आपोआप संपत नाही. बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत राहतं.

आधी ई-कोर्ट्सच्या साइटवर महाराष्ट्र, ठाणे जिल्हा आणि मग ठाणे की बेलापूर, ते कोर्ट निवडा. सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, अक्षरं-अंक मिळून १६) असेल तर उत्तम. नावाने शोधताना स्पेलिंग बदलून पाहा. आडनाव एका अक्षराने चुकलं तरी केस दिसत नाही. ऑनलाइन नोंद मागे असू शकते, म्हणून वकिलाकरवी कोर्टातला रोजनामा (प्रत्येक तारखेला केसमध्ये काय झालं त्याची नोंद) बघा.

वॉरंट रद्द करण्याचा अर्ज ते काढणाऱ्या कोर्टातच. पोलीस ठाण्यात विनवण्या करून उपयोग नाही, रद्द करणं त्यांच्या हातात नसतं. सकाळीच स्वतः हजर राहा. गैरहजेरीचं कारण कागदासह द्या: डिस्चार्ज कार्ड, तिकीट. नुसतं ‘तब्येत बरी नव्हती’ फारसं चालत नाही. जामीनदार, त्याची कागदपत्रं आणि थोडी रोकडही तयार ठेवा. कोर्ट दंड किंवा नवा जातमुचलका (हजर राहण्याची स्वतःची लेखी हमी) मागू शकतं.

आदेश झाला की प्रमाणित प्रत घ्या आणि पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. हे राहिलं तर जुनं वॉरंट घेऊन हवालदार दारात उभा राहू शकतो.