दाब, बल आणि क्षेत्रफळ: घरातल्या घरात एका विटेवर कसं समजून घ्यायचं

आठवीच्या पोरांना 'दाब = बल ÷ क्षेत्रफळ' तोंडपाठ असतं पण गणित समोर आलं की बल कुठलं घ्यायचं आणि क्षेत्रफळ कशाचं, इथंच घोडं अडतं. एक वीट, वजनकाटा आणि घमेलंभर कोरडी चाळलेली वाळू घ्या.

१. वीट काट्यावर आधी आडवी ठेवा, मग उभी. आकडा तोच येतो, समजा ३ किलो. हे पोरानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायलाच पाहिजे, कारण उभी वीट जास्त रुतते म्हणजे ती जास्त जोर लावते असं बऱ्याच जणांना वाटतं.

२. ३ किलो हे वस्तुमान झालं, बल नाही. ९.८ नं गुणा, साधारण ३० न्यूटन.

३. वाळू सपाट करून वीट आडवी ठेवा, उचला, खूण बघा. मग शेजारी उभी ठेवा, पडू नये एवढाच हात लावायचा, दाबायचं नाही. आता खड्डा खोल पडतो.

४. क्षेत्रफळ फक्त टेकलेल्या बाजूचं. आडवी असताना २२ बाय १० म्हणजे २२० चौरस सेंमी, उभी असताना १० बाय ७ म्हणजे ७०.

५. सगळ्यात जास्त मार्क इथं जातात. सेंमीचं मीटर करायला १०० नं भागतात म्हणून पोरं चौरस सेंमीलाही १०० नंच भागतात, पण १ मीटर लांब आणि १ मीटर रुंद चौकोनात १ सेंमीच्या १००-१०० चौकोनांच्या १०० ओळी बसतात, म्हणून १०,००० नं भागायचं, वहीत चौकोन काढून दाखवा. ०.०२२ आणि ०.००७ चौरस मीटर येतं.

६. आता ३० ला भागा. आडवी वीट साधारण १,३६४ पास्कल, उभी ४,२८६. बल तेवढंच, दाब तिपटीहून जास्त.

सांगलीकडं गळीत हंगामात काळ्या रानात ओल असली की उसाची भरलेली ट्रॉली रुतते, मग कुणी चाकाखाली फळ्या सारतं, कुणी थोडा ऊस उतरवतं. फळीनं सूत्रातलं काय बदललं आणि ऊस उतरवल्यानं काय, हे पोराला विचारा, दोन्ही नीट सांगितलं की पाण्याच्या दाबाचा भाग चालू करायला हरकत नाही.