बाळ आल्यावर नवरा-बायकोत बिनसतं कुठे, आणि सावरायचं कसं

पहिलटकरीण दोन-तीन महिने माहेरी राहून परतते, तोवर तिला बाळाचं भुकेचं रडणं आणि झोपेचं रडणं वेगळं ओळखता येऊ लागलेलं असतं. नवऱ्याला दुपट्यात बाळ नीट गुंडाळताही येत नाही. ती झटपट करते म्हणून तीच करत राहते, आणि तो "सांग ना, काय करू?" म्हणत उभा. दोघांच्याही मनात खोट नसते, तरी चार महिन्यांत धुसफूस सुरू होते.

2003 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. मूल नसलेल्या जोडप्यांपेक्षा आईबापांचं वैवाहिक समाधान कमी निघालं, आणि सगळ्यात मोठी तफावत तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये दिसली. आपल्याकडचा हिशोबही बघा: 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जात होती, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची 88.

सावरायचं तर आधी कामांची यादी काढा. पण "लसीकरण" असं एका शब्दात लिहून भागत नाही. दीड महिन्याच्या लसीचंच घ्या. सहावा आठवडा कधी भरतो ते मोजणं, दवाखान्यात लस कोणत्या वारी देतात ते विचारणं, माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत टाकणं, ताप आला तर कोणतं औषध आणि बाळाच्या वजनाला किती हे डॉक्टरांकडून लिहून घेणं, त्या रात्री जागणं, आणि दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या तारखा कॅलेंडरवर मांडणं. गाडी काढून दवाखान्यात नेणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. नवऱ्याच्या वाट्याला बहुतेक घरांत तेवढाच येतो, आणि वर "मी नेलं की!" हेही.

म्हणून काम अख्खं द्या: लक्षात ठेवण्यापासून निस्तरण्यापर्यंत. सुरुवातीला त्याच्याकडे तीनच द्या. लसी, संध्याकाळची आंघोळ किंवा अंग पुसणं, आणि लंगोट-दुपट्यांचा सगळा व्यवहार, म्हणजे धुणं, वाळवणं, घड्या आणि संपत आलेल्या डायपरची खरेदी. काम कसं झालं म्हणजे झालं, हे आधीच ठरवा. मग तीन आठवडे तिने मध्ये पडायचं नाही. दुपट्याची घडी वाकडी असली तरी ती परत घालू नका. एकदा परत घातली की पुढच्या वेळी तो हात काढून घेतो. बाळाच्या जिवाला अपाय होईल अशीच गोष्ट असेल, तर मात्र लगेच बोला.

"अगं, त्याला कशाला लावतेस, दे मी करते," हे सासूबाईंचं वाक्य बहुतेक घरांत येतंच. त्याला उत्तर मुलाने द्यायचं, सुनेने नाही. "आई, हे माझं काम आहे," एवढंच, आणि काम करत राहायचं.

रात्रीची वाटणी घड्याळाने करा. आई अंगावर पाजत असेल तर दूध तिचं. बाळाला उचलून आणणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि परत निजवणं त्याचं. दिवसातून एकदा तरी तिला सलग चार तासांची झोप मिळेल अशी सोय बघा. रात्री दहानंतर कुठलाही वाद उकरू नका. अर्धवट झोपेत पैशांचा विषय निघाला की तो सहा वर्षांपूर्वीच्या मानपानापर्यंत जातो.

आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, वीस मिनिटं समोरासमोर बसा. फोन दुसऱ्या खोलीत. आधी समोरच्याने केलेली एक गोष्ट नाव घेऊन सांगा ("मंगळवारी तू उठलास, मला पाचपर्यंत झोप मिळाली"), मग एकच तक्रार, शेवटी पुढच्या आठवड्याच्या पाळ्या. तक्रारी दोन झाल्या की भांडण होतं.

तेच भांडण फिरून फिरून येत असेल, तर ते दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिऱ्हाइताच्या नजरेतून सात मिनिटं लिहून काढा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एली फिंकल यांनी 2013 साली 120 जोडप्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी वर्षात तीनदा असं लिहिलं, त्यांच्या समाधानाची घसरण थांबली. बाकीच्यांची चालू राहिली.

काही गोष्टी मात्र वाटणीने सुटत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त काळ आईला सतत रडू येत असेल, बाळाकडे बघवत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटत असेल, तर दोन आठवडे थांबू नका, तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. हात उचलला जात असेल तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा.

सहा महिने झाले की यादी नव्याने लिहा. तेव्हा नाचणीचं सत्त्व येतं, वाटी-चमचे उकळणं येतं, रजा संपून ऑफिस सुरू होतं आणि पाळणाघर शोधावं लागतं. ही कामं कोणाची हे तेव्हा ठरवलं नाही, तर ती आपोआप आईकडे जातात.