थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स: बर्लिनमधला आपला गट टिकवायचा कसा

हिटलरच्या काळात बर्लिनमध्ये नाझींविरुद्ध गुपचूप काम करणाऱ्या एका गटाचा हा गेम नवीन सुरू केला की बहुतेक जण एकच चूक करतात आणि मीपण तीच केली होती, नेहमीच्या स्ट्रॅटेजी गेमसारखं खेळायला गेलो. दर टर्नला सगळी माणसं कामाला लावायची, मॅपवर दिसेल ते मिशन उचलायचं, कोणी रिकामं बसलं की आपल्यालाच चुटपुट लागते. इथं तसं केलं तर थोड्याच आठवड्यांत निम्मा गट गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हातात जातो आणि उरलेल्यांचं मनोबल इतकं खाली येतं की पुढे करण्यासारखं काही राहत नाही. म्हणून आधीच सांगतो, कोणाला कधी घरी बसवायचं हे ज्याला जमलं त्याला हा गेम जमला, बाकी सगळं त्यामागून येतं.

ज्यांनी अजून बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्लिनच्याच पेंटबकेट गेम्स या छोट्या स्टुडिओने हा बनवलाय, जानेवारी २०२० मध्ये आला. गोष्ट सुरू होते ३० जानेवारी १९३३ ला, म्हणजे हिटलर जर्मनीचा चान्सलर (सरकारप्रमुख) झाला त्या दिवशी, आणि तुम्ही साध्या नागरिकांचा एक लहानसा गट चालवता. तुमच्याकडे फौज नाही की सत्ता नाही, चारपाच माणसं, थोडे पैसे आणि बाहेरून मदत करणारे समर्थक, एवढंच. आणि कितीही भारी खेळलात तरी हिटलरला खाली खेचता येत नाही, इतिहास जसा घडला तसाच घडणार. हे पचायला जड जातं पण सुरुवातीलाच पचवा, नाहीतर चुकीच्या गोष्टीमागे धावत बसाल.

मोड दोन आहेत, स्टोरी आणि रेझिस्टन्स. पहिल्यांदा सरळ स्टोरी घ्या, त्यात कमीपणा काही नाही, रेझिस्टन्स बराच कडक आहे.

एक टर्न म्हणजे एक आठवडा. सुरुवातीला बातम्या येतात, त्या स्किप करू नका प्लीज, एकतर त्या खऱ्या इतिहासातल्या आहेत आणि दुसरं म्हणजे पुढे हवा कशी फिरणार ते त्यातूनच कळतं. २७ फेब्रुवारीला राइशस्टाग म्हणजे संसदेची इमारत जळते, दुसऱ्याच दिवशी वटहुकूम काढून नागरिकांचे हक्क गुंडाळले जातात, २ मेला कामगार संघटनांची ऑफिसं ताब्यात घेतली जातात, जुलैच्या मध्यापर्यंत नाझी सोडून दुसरा पक्षच कायद्यात उरत नाही. साडेपाच महिन्यांत एवढं सगळं! एकेक आठवडा खेळत जाताना हा वेग अंगावर येतो, पुस्तकात वाचून तो तसा जाणवत नाही.

आता माणसं. प्रत्येकाचे गुण वेगळे, कोणी गुपचूप काम करण्यात पक्का, कोणी लोकांशी बोलण्यात, कोणी प्रचारात, कोणी अंगाने दणकट, कोणी लिहिण्यावाचण्यात हुशार. मिशनला कोणता गुण लागतो ते बघूनच माणूस पाठवा. हे दिसायला सोपंय पण गडबड अशी होते की एखादा जण सगळ्यात चांगला निघतो आणि मग प्रत्येक वेळी आपण त्यालाच पाठवतो. माझ्या पहिल्या गटात एक शिक्षिका होती, पत्रकं तयार करायला तिच्याइतकं कोणीच नव्हतं, मी तिला ओळीने चार आठवडे बाहेर काढलं. तिच्यावर नजर आहे हे स्क्रीनवर दिसत होतं पण म्हटलं एवढा एक आठवडा होऊन जाऊ दे. त्याच आठवड्यात ती पकडली गेली. मी कितीतरी वेळ पुढचं बटण दाबलंच नाही, तिच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो होतो. तेव्हापासून माझा नियम एकच, कोणावर थोडी जरी नजर पडलेली दिसली की त्याला लगेच घरी बसवायचं, मग मिशन बुडालं तरी चालेल. बुडालेलं मिशन पुन्हा करता येतं.

पत्रकांची साखळी नीट समजून घ्या कारण अर्धा गेम त्यावर चालतो. आधी पैसे, मग कागद, मग छपाई, मग वाटप, आणि प्रत्येक पायरीला धोका वेगळा. नवीन खेळाडू सगळी काळजी वाटपाच्या वेळी घेतात आणि कागद आणायला कोणालाही पाठवून देतात. असं करू नका, खऱ्या आयुष्यातसुद्धा कागद मिळवणं हेच मोठं संकट होतं, म्युनिकमध्ये नाझींविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या व्हाइट रोज या विद्यार्थ्यांच्या गटातली मुलं पाकिटं आणि पोस्टाची तिकिटं थोडीथोडी वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्यायची कारण एकदम गठ्ठा मागितला की समोरच्याला संशय. म्हणून कागदालापण विचार करून माणूस निवडा. आणि छापलेला माल ठेवून देऊ नका, जमेल तसा वाटून मोकळे व्हा, समर्थक वाढले की त्यांच्याकडून पैसे येतात आणि साखळी पुन्हा सुरू होते.

मिशन चालू असताना मध्येच प्रसंग येतात. समजा भिंतीवर घोषणा रंगवायला दोघं गेलेत, रंग अर्धा लावून झालाय आणि कोपऱ्यावर गस्त दिसते, आता पूर्ण करायचं, लपायचं की पळायचं. इथं मोह होतो की अर्धं काम झालंय तर उरलेलं उरकून घेऊ. माझं स्पष्ट मत, पळा. घोषणेपेक्षा त्या दोघांची गरज पुढच्या वीस आठवड्यांना जास्त आहे. फक्त मनोबल अगदीच तळाला गेलं असेल आणि या मिशनशिवाय गट फुटणारच असेल तेव्हा धोका पत्करा, कारण मनोबल शून्यावर गेलं की खेळ संपला. ते आपोआप घसरत राहतं म्हणून सगळ्यांना एकदम घरी बसवूनही भागत नाही, आळीपाळीने पाठवायचं, दोघं बाहेर तर दोघं आत.

गटातली भांडणं हा भाग मला सगळ्यात खरा वाटला. कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट एका टेबलावर बसले की जुनी उणीदुणी निघणारच, १९३३ च्या आधीची काही वर्षं कम्युनिस्ट पक्ष सोशल डेमोक्रॅट लोकांना उघड सोशल फॅसिस्ट म्हणायचा, त्या जखमा ताज्या होत्या. मी सुरुवातीला एकाच विचाराची माणसं घेऊन बघितली, शांतता मिळाली पण कामाचे गुण अपुरे पडायला लागले. आता मिश्र गट घेतो, आणि वाद निघाला की कोणाचीच बाजू पटकन घेत नाही, आधी दोघांचं पूर्ण ऐकून घेतो. एखाद्याला दरवेळी गप्प केलं तर तो गट सोडून जाऊ शकतो.

रस्त्यावरच्या प्रसंगांबद्दल मात्र मी असंच करा असं सांगणार नाही. १ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार घातला होता, एसए या नाझी पक्षाच्या गणवेशधारी दलाचे लोक दारात उभे राहून गिऱ्हाइकांना अडवायचे. अशा वेळी आत जायचं की मान खाली घालून पुढे निघायचं? मध्ये पडलात तर लोकांच्या डोळ्यात याल, गप्प निघालात तर ते मनात राहील. पॉइंटचा हिशोब करून हे ठरवू नका एवढीच विनंती, पहिल्या खेपेला तरी जे मनाला पटेल तेच निवडा.

पुढचे भाग वेगळ्या चालीचे आहेत. एकूण चार भाग, आणि मध्ये वर्षांच्या उड्या. १९३६ ला ऑलिंपिकसाठी शहर सजवलेलं, परदेशी पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून ज्यूविरोधी पाट्या तेवढ्यापुरत्या उतरवल्या होत्या आणि त्याच जुलैमध्ये बर्लिनमधल्या सिंती आणि रोमा (ज्यांना जिप्सी म्हटलं जायचं) लोकांना उचलून शहराच्या कडेला मार्त्सानच्या छावणीत टाकलं होतं. या टप्प्यावर लोक राजवटीवर खूश असतात म्हणून पहिल्या भागातला जोर इथे लावू नका, कमी आणि निवडक मिशनं घ्या. युद्ध सुरू झाल्यावर तर शेजाऱ्यांचीच भीती जास्त. ओटो आणि एलिझ हाम्पेल हे बर्लिनचं साधं कामगार जोडपं १९४० पासून हाताने पोस्टकार्डं लिहून जिन्यांमध्ये ठेवायचं, दोनशेच्या वर कार्डं, आणि बहुतेक कार्डं ज्यांना सापडली त्यांनीच घाबरून पोलिसांकडे नेऊन दिली. १९४३ च्या एप्रिलमध्ये प्लॉट्झेनझेच्या तुरुंगात दोघांना मारलं. हे माहीत असेल तर वाटपाच्या मिशनला समर्थक हवे तेवढे का वाढत नाहीत याचा राग येत नाही.

दुसऱ्या खेपेला मला पुन्हा एक शिक्षिका मिळाली, माणसं दरवेळी नवीन तयार होतात तरी गुण जवळपास तसेच होते. तिला मी दोन आठवडे कामाला आणि एक आठवडा घरी असं लावलं, पत्रकं कमी निघाली, दोनदा मनोबल काठावर आलं, एकदा तर कागद असूनही छापायला कोणी नव्हतं म्हणून पूर्ण आठवडा वाया गेला. चौथा भाग संपला तेव्हा टेबलाभोवती पाचातली तीन माणसं उरली होती आणि त्यात ती होती.