रानातल्या साहित्यापासून वस्तू करायला शिकवताना या चुका टाळा

दोरी, टोपली, लाकडी चमचा शिकवणारे बरेच जण पहिल्याच तासाला शिकणाऱ्याच्या हातात चाकू देतात. माझ्या मते गडबड इथूनच सुरू होते. आधी साहित्याची ओळख करून द्यायला हवी: ते ओलं आहे की सुकलेलं, तंतू कोणत्या दिशेने गेलेत, वाकवलं की कुठे मोडतं. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या ओळखीतच सापडतं.

टोपली आठवड्याभरात सैल पडते

विणताना घट्ट वाटलेली टोपली काही दिवसांत खिळखिळी होते, कारण वेली ताज्या कापून लगेच विणलेल्या असतात. सुकताना त्या आक्रसतात आणि विणीत फटी पडतात. वेली, पाती किंवा कामट्या आधी पूर्ण सुकवा आणि विणण्यापूर्वी पुन्हा भिजवा. एकदा सुकलेलं साहित्य भिजवलं तरी ताज्याइतकं फुगत नाही, त्यामुळे नंतर आक्रसतंही कमी. पातळ पात्यांना ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं पुरतं, जाड वेलींना बराच जास्त वेळ लागतो. घड्याळ पाहू नका, बोटाभोवती वळवून पाहा. न तडकता वळलं, की विणायला घ्या. बुळबुळीत होईपर्यंत मात्र भिजवू नका.

चमचा सुकताना तडकतो

इथे नियम उलटा आहे. लाकूड ओलं असतानाच कोरावं, कारण तेव्हा ते मऊ असतं. त्रास होतो तो सुकवताना. लाकडाच्या कापलेल्या टोकांतून पाणी बाजूंपेक्षा फार लवकर निघून जातं, म्हणून चिरा टोकापासून सुरू होतात. शिवाय लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने जितकं आक्रसतं, साधारण त्याच्या निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. या ओढाताणीत गाभा असलेला गोल तुकडा बहुधा फाटतोच. ओंडका उभा फोडा, गाभा काढून टाका आणि उरलेल्या फाळीतून चमचा कोरा. काम अर्धवट राहिलं तर चमचा पिशवीत बंद करून ठेवा. कोरून झाल्यावर तो सावलीत, हळूहळू सुकू द्या. उन्हात ठेवण्याची घाई अंगाशी येते. कडा बारीक आणि बूड जाड राहिलं तरीही चीर जाते.

टोपली आणि चमचा एकाच दिवशी शिकवावेत असं मला मनापासून वाटतं. ओलं कधी चालतं आणि कधी नाही, हे शेजारी शेजारी पाहिलं की पक्कं होतं.

दोरी हातात उलगडते

दुपेडी दोरीत प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यायचा आणि दोन्ही पेड एकमेकांवर उलट दिशेने वळायचे. दोन्ही पीळ एकाच दिशेचे झाले, तर सोडल्याबरोबर दोरी सुटते. दुसरा दोष पेडांच्या जाडीत असतो. एक पेड जाड असला की तो सरळ राहतो, बारीक पेड नुसता त्याच्याभोवती गुंडाळला जातो आणि सगळा ताण एकावरच येतो. वाख, म्हणजे दोरी वळायचे तंतू, संपत आला की नवा जोडताना दोन्ही पेडांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका. यासाठी सुरुवातीलाच वाख मधोमध न दुमडता एक बाजू लांब ठेवा.

शिकवताना समोर बसू नका. शिकणाऱ्याला तुमचे हात उलटे दिसतात आणि पिळाची दिशा चुकते. शेजारी बसा.

चाकू

बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो आणि ते निसटतं, म्हणून धार लावणं आधी शिकवा. मांडीवर वस्तू धरून कापणं पहिल्या क्षणी थांबवा, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी (रक्तवाहिनी) जाते आणि तिथली जखम जिवावर बेतू शकते. बसल्यावर कोपरं गुडघ्यांवर टेकवावीत आणि पातं गुडघ्यांच्या पलीकडे चालावं. चाकूसह हात लांब करून सगळीकडे फिरवला तरी कुणाला लागणार नाही, इतकं अंतर प्रत्येकाभोवती हवं.

साहित्य गोळा करताना

सालीचा वाख हवा म्हणून जिवंत खोडाची साल गोलाकार काढू नका. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं, वाट तुटली की झाड मरतं. वाऱ्याने पडलेल्या ताज्या फांदीवर काम भागतं. आणि झाड ओळखता येत नसेल, तर त्याच्या लाकडाचा चमचा करू नका. कण्हेरीच्या फांद्या सरळ आणि कोरायला सोप्या दिसतात, पण ते झाड संपूर्ण विषारी आहे.