हॅकिंग शिकून आले आणि बॅकअप तपासत बसले: छोट्या ऑफिसांच्या सिक्युरिटीतला माझा अनुभव

या फील्डमध्ये नवीन येणारी मुलं पहिलं हेच विचारतात की काली लिनक्स (हॅकिंगची टूल्स भरलेली ऑपरेटिंग सिस्टिम) आधी शिकू का, आणि मी म्हणते शिक की, कोण नको म्हणतंय, पण दहा-पंधरा कॉम्प्युटरच्या ऑफिसात पहिल्या दिवशी त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे आधी हे शोधायचं असतं की या ऑफिसात नेमकं आहे काय काय, आणि ते खुद्द मालकालाही माहीत नसतं.

मी पण तशीच आले होते, कोर्स केलेला, डोक्यात नुसतं पेनटेस्टिंग, म्हणजे परवानगी घेऊन सिस्टिम फोडून बघणं. पहिलं काम मिळालं ते रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, लागून गेलेल्या एका छोट्या फर्मचं. सगळ्या फाइलींची नावं बदललेली, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल. मालक मात्र शांत, म्हणाले बॅकअप आहे ना, रोज रात्री होतो. होत होता, खरंच होत होता, फक्त ती एक्स्टर्नल डिस्क दोन वर्षांत सर्व्हरमधून कधी काढलीच नव्हती, त्यामुळे सर्व्हरबरोबर तीही गेली. शेवटी कपाटात एक जुनी डिस्क सापडली, तिच्यात सात महिन्यांपूर्वीचा डेटा, आणि पुढचे तीन आठवडे तिथली माणसं कागदी बिलं समोर ठेवून एंट्र्या मारत बसली.

हल्लेखोर आत शिरला कसा, तर रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ऑफिसचं मशीन लांबून चालवायची विंडोजची सोय. घरून काम करता यावं म्हणून कुणीतरी राउटरवर तिचा ३३८९ पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून दिलेला आणि मग सगळेच विसरलेले, पासवर्ड म्हणजे फर्मचं नाव आणि पुढे १२३. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन आणि ४६२४ म्हणजे जमलेलं, तर तिथे हजारो ४६२५ आणि मग मध्यरात्रीनंतर एक ४६२४. कोर्समध्ये हे दोन आकडे मी पाठ केले होते, कळले मात्र त्या दिवशी.

म्हणून बॅकअपचं जरा जास्तच सांगते. ३-२-१ चा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या मीडियावर, एक जागेबाहेर (हा नियम रुजवला पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने, सिक्युरिटीवाल्याने नाही, मला याची कायम गंमत वाटते). पण एक प्रत तरी केबल काढून ठेवलेली किंवा कुणालाच खोडता येणार नाही अशी हवी, नाहीतर माझ्या त्या फर्मसारखं होतं. क्लाउडवर सिंक होणारं फोल्डर म्हणजे बॅकअप नाही, इथली फाइल खराब झाली की तिथलीही तशीच होते, जुनी व्हर्जन्स ठेवायची सोय चालू असेल तर वाचाल. आणि बॅकअप सक्सेसफुल असा हिरवा मेसेज बघून घरी जाऊ नका, दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा आणि घड्याळ लावून बघा, कारण मालकाचा प्रश्न एकच असतो, काम परत कधी सुरू होणार.

अपडेट हा दुसरा रोजचा वाद. वॅनाक्राय नावाचा रॅन्समवेअर पसरला १२ मे २०१७ ला आणि त्याने विंडोजमधली जी फट वापरली तिचा पॅच, म्हणजे ती बुजवणारा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता, म्हणजे जवळजवळ दोन महिने हातात होते. "नंतर करू" म्हणणाऱ्या मालकाला मी या दोन तारखा सांगते, बहुतेक वेळा पुढे बोलावं लागत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा ऑफिसातल्या मशीनची यादी करताना कोपऱ्यातलं प्रिंटरला जोडलेलं ते जुनं मशीन सोडू नका.

मेलमधून फसवायला तर कित्येकदा व्हायरसची गरजच नसते. सप्लायरचा मेलबॉक्स कुणीतरी ताब्यात घेतं, चालू असलेल्या बोलण्यातच "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल येतो आणि अकाउंट्सवाली व्यक्ती इमानदारीत पैसे पाठवून मोकळी होते. उपाय एकदम साधा, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमधल्या नंबरवर नाही. आणि आपलाच मेलबॉक्स गेला असेल तर नुसता पासवर्ड बदलून थांबू नका, फॉरवर्डिंगचे रूल्स बघा, चोर जाताना तिथे एखादा ठेवून जातो आणि पुढचे मेल गपचूप बाहेर जात राहतात. टू-फॅक्टर (पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोड वगैरे दुसरी खूण) लावायला सुरुवात मेलपासूनच करा, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड रीसेट तिथेच येतात.

एक माझा गाढवपणा. डीमार्क शिकले, म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने आलेल्या खोट्या मेलचं काय करायचं ते समोरच्या सर्व्हरला सांगणारी सेटिंग, तशी उत्साहात एका ठिकाणी थेट रिजेक्ट, म्हणजे असा मेल घेऊच नका, लावून टाकलं. बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर वेगळ्याच सर्व्हरवरून मेल पाठवत होतं हे मी विचारलंच नव्हतं, दोन दिवस कुठल्याच ग्राहकाला बिल गेलं नाही. आधी नन ठेवायचं, म्हणजे काही अडवायचं नाही, काही आठवडे रिपोर्ट वाचायचे, कोण कोण आपल्या नावाने मेल पाठवतंय ते एसपीएफ (कोणते सर्व्हर आपला मेल पाठवू शकतात त्याची यादी) आणि डीकेआयएममध्ये (मेलवरची डिजिटल सही) बसवायचं, मग क्वारंटाइन, म्हणजे स्पॅममध्ये टाका, मग रिजेक्ट.

शिकायचं कसं तर नेटवर्किंग आधी, त्याला शॉर्टकट नाही. व्हर्च्युअलबॉक्सवर (एकाच कॉम्प्युटरमध्ये खोटी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज सर्व्हरची ट्रायल टाका, दोन क्लायंट जोडा, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातले सगळे युजर आणि मशीन एका जागेवरून सांभाळणारी विंडोजची सोय) उभी करा आणि मग मुद्दाम मोडून बॅकअपमधून परत आणा. सर्टिफिकेट इंटरव्ह्यूपर्यंत नेतं, कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस सुरुवातीला ठीक आहे. दुसऱ्याचं नेटवर्क मात्र लेखी परवानगीशिवाय स्कॅन करायचं नाही, ओळखीतलं असलं तरी नाही. आणि चुकीच्या लिंकवर क्लिक केलेल्या माणसाला हसू नका, एकदा हसलात की पुढच्या वेळी तो तुम्हाला सांगणारच नाही.

त्या पहिल्या फर्ममध्ये आता दोन डिस्क आलटून पालटून लावतात, एक नेहमी बाहेर असते. तरी पहिल्यांदा रिस्टोअर करून पाहिलं तेव्हा सगळं आलं आणि अकाउंटिंगचा डेटा तेवढा उघडेना, कारण बॅकअप चालायचा त्या वेळी प्रोग्रॅम उघडाच असायचा. आता रात्री आधी तो बंद होतो, मग बॅकअप.